वन्संनी प्रिंटर कसा घेतला

आमच्या वन्संना काही विकत घ्यायचं असलं की घरातल्या बाकीच्यांनी गाशा गुंडाळून कुठेतरी निघून जावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. कुकर घ्यायचा होता तेव्हा त्यांनी शेजारणींच्या स्वयंपाकघरात उभं राहून प्रत्येकीच्या कुकरची शिट्टी ऐकली होती. चष्मा घ्यायचा तर त्यांना दुकानातले आरसे पसंत पडेनात. चष्मे नव्हेत, आरसे. शेवटी त्या घरचा आरसा पिशवीत घालून घेऊन गेल्या, आणि तो सांभाळायला बरोबर मी.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नोकरी केली ती टेलिफोनच्या कचेरीत, ऑपरेटर म्हणून. त्यामुळे दुसऱ्याला ताटकळत ठेवायचा त्यांना उभ्या जन्माचा सराव. अजूनही आपण काही विचारलं आणि उत्तर तयार नसलं की त्या बोट वर करून म्हणतात, "होल्ड कर." मग आपण होल्ड करायचं. भाजी करपली तरी चालेल.

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, वाचनालयात पुस्तकं बांधायचे. फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि कोरी होऊन जायची. अंगाला कायम खळीचा वास, म्हणून लोक त्यांना खळकाका म्हणायचे. भाऊजी काळे. सावळे वगैरे नाही, चांगले काळे. लग्न ठरताना माझ्या सासूबाई लेकीला म्हणाल्या होत्या म्हणे, "अगं, दिवे गेले तर सापडायचा नाही हा." त्यावर वन्सं म्हणाल्या, "हाक मारीन." हे मला सासूबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना अजून हसू आवरत नव्हतं.

भाऊजी गेले आणि वन्सं आमच्या वरच्या खोलीत राहायला आल्या. त्यांच्याजवळ भाऊजींचा एकच चांगला फोटो, पोस्टकार्डाएवढा. वाचनालयातल्या खिडकीपाशी ते काम करत बसलेत, उजेड बाजूने येतोय. कोणी काढला, कोणाला आठवत नाही. तो मोठा करून घ्यावा म्हणून त्यांनी चौकातल्या स्टुडिओत दिला. स्टुडिओवाल्याने मोठा करून, चौकट घालून दिला. घरी आणून कागद सोडला तर आत कोणीतरी बँकेतले साहेब बसलेले. गोरेपान. गालांवर लाली.

वन्सं तशाच परत गेल्या. मी बरोबर होतेच.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमचेच मिस्टर ना," स्टुडिओवाला म्हणाला. "आम्ही सगळ्यांनाच थोडं उजळ करून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही, ताई."

भांडणात अर्थ नव्हता, कारण माणूस वाईट नव्हता. उपकाराच्याच भावनेने बोलत होता. वन्संनी फोटो घरी आणला आणि भिंतीला टेकवून ठेवला, तोंड भिंतीकडे करून. दोन वर्षं ते साहेब भिंतीकडे बघत बसले.

मग वाचनालयाने नवीन वाचनकक्ष बांधला. संस्थापकांच्या आणि अध्यक्षांच्या तसबिरींच्या रांगेत बाईंडरचाही फोटो लावायचं ग्रंथपालबाईंनी ठरवलं. ऐकून मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी भाऊजींचं नाव घेऊन हात जोडले. पण पाठोपाठ कळलं की फोटो वाचनालयात येऊनही पडलाय. स्टुडिओवाला समितीवर. त्याने आपल्याकडची प्रत चौकटीत घालून फुकट दिली होती. तीच, बँकेतल्या साहेबांची.

वन्सं ग्रंथपालबाईंकडे गेल्या. बाई समजूतदार. म्हणाल्या, "तुम्ही दुसरा आणा, मी तो लावते. फक्त माप तेच हवं, तेरा बाय एकोणीस इंच. सगळ्या चौकटी एकसारख्या आहेत. आणि उद्घाटनाच्या आधी आणा. एकदा भिंतीवर गेला की समितीला विचारल्याशिवाय मला हलवता येणार नाही."

आमचे हे म्हणाले, "सोपं आहे, ताई. दुसऱ्या लॅबमध्ये दे." वन्संनी स्टुडिओवाल्याकडून मूळ फोटो पेन ड्राइव्हवर मागून घेतला. चष्म्याच्या दोरीला तो पेन ड्राइव्ह अडकवला आणि आम्ही निघालो. एका लॅबने गोरा काढून दिला. दुसरीने त्याहून गोरा. घरी येऊन वन्सं म्हणाल्या, "हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत. फोटो आता मी घरीच छापणार."

माझी लेक तिथेच बसली होती. ती म्हणाली, "आत्या, एवढ्या मापाचे रंगीत प्रिंटर घरासाठीही मिळतात हल्ली. फार महागही नसतात." मी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती उठून आत गेली. पण बाण सुटला होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझे गुडघे जाणतात. ह्यांना म्हटलं, तुमची बहीण आहे, तुम्ही जा बरोबर. तर म्हणे, "मला त्यातलं कळत नाही." मला काय कळत होतं? मी मराठी शाळेत शिकलेली, प्रिंटरच्या खोक्यावरचं एक अक्षर धड वाचता येईना. पण पेपर वाचता वाचता माणसाला काही कळेनासं झालं की ते काम बायकोकडे येतं, हा आमच्या घरचा नियम आहे.

पहिल्या दुकानातला विक्रेता उंच आणि घाईतला. त्याने एक प्रिंटर दाखवला, किंमत ऐकून मलाच आनंद झाला. वन्सं म्हणाल्या, "शाई संपल्यावर काय?"

"नवीन कार्ट्रिज टाकायची."

"ती केवढ्याला?"

त्याने हळूच सांगितलं. सगळ्या रंगांच्या कार्ट्रिज मिळून जवळपास मशीनएवढे पैसे.

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," वन्सं म्हणाल्या. "बरं, असू दे. छापून दाखवा." आणि गळ्यातला पेन ड्राइव्ह काढून दिला. आला तो फोटो गोरा. नापास.

दुसऱ्या दुकानात मशीन होतं ते आडव्या फ्रिजएवढं. त्याला कागदाचा मोठा रोल लावायचा, त्यातून आख्खा पडदा छापून निघेल. वन्संनी त्याच्याभोवती प्रदक्षिणा घातली. मी म्हटलं, "वन्सं, हे घरात आलं तर माणसांनी जिन्यात झोपायचं का?"

"नुसतं बघतेय गं."

"नुसतं बघायला सिनेमा असतो."

त्यावरही त्यांनी पेन ड्राइव्ह लावायला सांगितलाच. गोरा. नापास.

तिसऱ्या दुकानात शाईच्या टाक्यांचा प्रिंटर होता. वरून बाटलीने शाई ओतायची, कार्ट्रिजची भानगड नाही. सहा रंग. विक्रेता होतकरू होता, त्यालाच हुरूप आला. फोटो गोरा आलेला पाहून म्हणाला, "थांबा ताई, सेटिंग बदलतो." मग भाऊजी तांबडे आले. मग हिरवट आले. मग कावीळ झाल्यासारखे आले. वन्सं प्रत्येक कागद खिडकीपाशी नेऊन लांब धरायच्या, जवळ धरायच्या आणि मान हलवायच्या. मी भिंतीला टेकून मनातल्या मनात नामस्मरण करत होते. देवासाठी नव्हे, तोंड बंद राहावं म्हणून.

त्या विक्रेत्याने जाताना एक गोष्ट चांगली सांगितली. हे मशीन घेतलं तर आठवड्यातून एकदा तरी रंगीत काहीतरी छापा, नाहीतर शाई आत सुकून बसते. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे ह्याच्याशीही कोणीतरी अधूनमधून बोलायला लागतंच." विक्रेत्याला काही कळलं नाही.

घरी आल्यावर टेप घेऊन मोजमाप. मशीन कुठे ठेवायचं, ह्यावर वन्संनी वरच्या खोलीतलं टेबल इतक्या वेळा सरकवलं की खालच्या मजल्यावरचे भाडेकरू विचारायला आले, काही शोधताय का. शेवटी एकदा माझा संयम सुटला. जेवताना मी म्हणाले, "वन्सं, लावू द्या ना स्टुडिओवाल्याचाच. तिथे पेपर वाचायला येतात लोक. मान वर करून भिंत कोण बघतंय?"

वन्संनी घास खाली ठेवला. "मी बघेन," म्हणाल्या. त्यानंतर माझ्याशी बोलणं कामापुरतं. तरी दुकानात जाताना पिशवी माझ्याच हातात.

उद्घाटन जवळ आलं तेव्हा आम्ही चौथ्या दुकानात होतो. हे खरं तर कचेरीच्या सामानाचं दुकान. फायली, स्टेपलर आणि कोपऱ्यात चार प्रिंटर. गल्ल्यावर एक बाई, सर्दीने बेजार, गळ्याभोवती मफलर. वन्संनी पेन ड्राइव्ह पुढे केला.

"तो लावणार नाही," बाई म्हणाल्या. "मागे एकाच्या पेन ड्राइव्हने आमचं बिलाचं मशीन बंद पाडलं. कागदावरचा फोटो असेल तर द्या. ह्या प्रिंटरवर काच आहे, त्यावर ठेवला की कॉपी निघते."

कागदावरचा फोटो वन्संच्या पर्समध्ये होता, प्लास्टिकच्या पाकिटात. तो त्या कोणाच्या हातात देत नसत. लॅबवालेही म्हणाले होते, ठेवून जा, उद्या न्या. पण ठेवून जायला वन्सं तयार नव्हत्या. एकदा स्टुडिओत ठेवला, तेवढं पुरे होतं.

"मी ठेवते काचेवर," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही फक्त बटण दाबा."

"दाबते. शिंक आली तर थांबा."

त्यांनी फोटो पालथा ठेवला, झाकण सावकाश लावलं. मशीन घुरघुरलं आणि साधा कागद हळूहळू बाहेर यायला लागला. आधी खिडकीची चौकट, मग केस, मग कपाळ.

कपाळ काळं होतं.

वन्संनी कागद पूर्ण बाहेर येऊ दिला आणि दोन्ही हातांनी उचलला. उजेडाकडे नेला नाही, लांब धरला नाही. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, "ठीक आहे का?" तर त्यांना बोट वर करून होल्ड करायला सांगितलं.

माझ्या डोक्यात मात्र काहीतरी वळवळायला लागलं होतं. मी विचारलं, "वन्सं, पेन ड्राइव्हवरचा फोटो तुम्हाला कोणी दिला?"

"स्टुडिओवाल्याने. मूळ आहे म्हणाला."

"उजळ करायच्या आधीचा, का नंतरचा?"

वन्संनी कागदावरची नजर काढून पेन ड्राइव्हकडे पाहिलं.

"म्हणजे गोरे भाऊजी घेऊन आपण गावभर हिंडलो, आणि काळे का येत नाहीत म्हणून मशीनांना नापास करत होतो?"

"मूळ म्हणाला तो," वन्सं पुन्हा म्हणाल्या, पण आवाज जरा बारीक झाला होता.

"अहो, पण दुकानादुकानात संगणकावर बघत होतात ना तुम्ही? तिथेही गोरेच दिसत असणार. तेव्हा नाही कळलं?"

"काचेच्या मागे दिवा असतो," वन्सं म्हणाल्या. "दिव्यापुढे कोणीही उजळ दिसतं. कागदावर उतरला की खरा दिसेल, असं मला वाटायचं."

वाईट इतकंच की त्यांच्या खांद्यावरून मीही दर वेळी तो पडदा बघत होते आणि मलाही तेच वाटत होतं.

मी म्हटलं, "चला, सुटलो. घेऊन टाका हेच मशीन." प्रिंटर टाकीवाला होता, रंग चारच, पण तेरा बाय एकोणीस छापणारा आणि किंमत आवाक्यातली.

वन्सं म्हणाल्या, "हे कसं घेता येईल? त्या बिचाऱ्या बाकीच्या मशीनांवर अन्याय झाला ना. चुकीच्या फोटोवर नापास केलं मी त्यांना. पुन्हा एकदा बघायला हवीत."

दुकानात एक स्टूल होतं. मी त्यावर बसले.

"बाई, बंद करायची वेळ झाली," गल्ल्यावरच्या बाई म्हणाल्या. "घेताय का?"

"होल्ड करा."

"करते होल्ड. शटर ओढून करते."

संध्याकाळी आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो. मी ह्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला तो असा की पाणी पेपरवर सांडलं. ह्यांनी विचारलं, "मिळाला का प्रिंटर?" मी म्हटलं, "मला त्यातलं कळत नाही."

तेवढ्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला. खिळे ठोकायला सुतार परवा येणार, फोटो तोवर यायला हवा, नाहीतर आलेला लावावा लागेल, समिती ऐकणार नाही. वन्संनी फोन ठेवला आणि वर निघून गेल्या. वरून टेबल सरकवल्याचा आवाज आला नाही, तेव्हा मला कळलं की गोष्ट गंभीर आहे.

सकाळी त्यांनी मला चहासुद्धा धड पिऊ दिला नाही. बाई दुकानाचं कुलूप काढत होत्या, तेव्हा आम्ही त्यांच्या पाठीमागे उभ्या. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "होल्डवरच होते मी."

प्रिंटर घरी आला. त्याला कागद मागून घालायचा असतो, म्हणून टेबल भिंतीपासून पुढे ओढावं लागतं, आणि टेबल पुढे आलं की कपाटाचं दार अर्धंच उघडतं. हे टेपने मोजमाप करताना कोणाला दिसलं नाही. शाई लेकीने ओतली. पहिल्या कागदावर पांढऱ्या रेघा आल्या, ते काहीतरी साफ करायचं बटण असतं, ते दाबलं. मग कागदावरून वाद. चकचकीत कागद लेकीला आवडला. वन्संना त्यात स्वतःचंच तोंड दिसत होतं, त्या म्हणाल्या, "मला मी नकोय." बिनचमकीचा कागद आणायला पुन्हा मी.

फोटो काचेवर ठेवून लेकीने तो संगणकावर मोठा केला. छातीवरून एक घडी गेलेली, कोपऱ्यात खळीचा डाग.

"आत्या, ही घडी दोन मिनिटांत काढते."

"नको."

"डाग तरी?"

"तो त्यांचाच आहे."

"बरं. मग थोडा ब्राइटनेस..." एवढं म्हणून तिने आमच्या दोघींची तोंडं पाहिली. "नको. कळलं."

मोठा कागद बाहेर यायला बराच वेळ लागला. मशीन एक रेघ काढायचं, दम घ्यायचं, पुढची काढायचं. पोस्टकार्डात जे कधी दिसलं नव्हतं ते एकेक दिसत गेलं. नखांत सुकलेली खळ. शर्टाचं वरचं बटण वेगळ्या रंगाचं. आणि ओठांच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ. मला वाटलं पुन्हा शाईचं काहीतरी बिघडलं. वन्सं वाकल्या.

"दोरा आहे," म्हणाल्या. "दातांत दोरा धरलाय. किती वेळा सांगितलं, कात्री घ्या, दात झिजतील. मान हलवायचे नुसती." त्या खरोखर चिडल्या होत्या. "बघितलंस? फोटो काढतानाही तेच."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसता पुसता खिडकीपाशी गेल्या. लेक काही विचारणार होती, मी तिला हाताने थांबवलं. प्रिंटरवरचा कागद सुकेपर्यंत कोणी हात लावू नये, एवढंच मी म्हटलं.

वाचनालयात सुतार आला होता आणि स्टुडिओवालाही. ग्रंथपालबाईंनी साहेबांना चौकटीतून काढून आमचा फोटो आत बसवला. स्टुडिओवाल्याने जवळ येऊन पाहिलं. "प्रिंट जरा काळपट आलीय, ताई," म्हणाला. अगदी काळजीने म्हणाला.

"हो," वन्सं म्हणाल्या. "तसेच होते."

पण एवढ्यावर सुटका असती तर त्या वन्सं कसल्या? सुतार खिळा ठोकणार, तोच त्यांनी बोट वर केलं. तिथे दुपारचं ऊन येतं, उन्हाने ह्या शाईचा रंग उडतो, खोक्यावर लिहिलंय. पुन्हा गोरे होतील. मग कुठे लावायचा, तर सावलीच्या कोपऱ्यात, आणि तिथे जागा ठरली होती माजी अध्यक्षांची. अध्यक्षांची तसबीर तेलरंगाची, त्यांना उन्हाने काही होत नाही, असा वन्संचा युक्तिवाद. स्टुडिओवाला म्हणाला, समितीला विचारावं लागेल. ग्रंथपालबाई म्हणाल्या, खिळा अजून ठोकलेला नाही, म्हणजे मी ठरवते. सुतार शिडीवर हातोडी धरून उभा, तोंडात खिळे. त्याची आणि माझी नजरानजर झाली. त्याला बिचाऱ्याला हे एकदाच सोसायचं होतं.

अध्यक्ष उन्हात गेले. भाऊजी सावलीत आले.

वाचनकक्ष अजून उघडायचा होता, पण रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा दार उघडं दिसल्यावर सवयीने आत शिरले, आणि कोणी हटकायच्या आत खुर्ची ओढून बसले. पान उलटताना त्यांनी मान वर केली. खाली नावाची पट्टी अजून लागलेली नव्हती.

"आपल्या खळकाकांना लावलं वाटतं," ते स्वतःशीच म्हणाले. "बरं केलं. माझं एक पुस्तक राहिलंय त्यांच्याकडे."

एवढं म्हणून आजोबा पुन्हा पेपरात गेले. वन्संनी पिशवी माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतली.

"कुठलं पुस्तक ते विचारून येते," म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.